पावसाळ्याआधी कॅबिनेट एकदा उघडा

मृग लागला की म्हापशापासून काणकोणपर्यंत संगणक दुरुस्त करणाऱ्यांकडे एक तक्रार हमखास येते: "बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच येत नाही." घरात तोवर निकाल लागलेला असतो की मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा आतला मुख्य बोर्ड, गेला, आता नवीनच घ्यावा लागणार. प्रत्यक्षात अशा यंत्रांत बरेचदा काहीही जळलेलं नसतं. रॅमच्या, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या, पट्टीवरच्या सोनेरी दातांवर ओलाव्याने सहज न दिसणारा थर चढलेला असतो. तो पुसायला दहा मिनिटं आणि एक स्वच्छ फडकं पुरतं.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ९० टक्क्यांच्या आसपास राहते. मोरजी, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या गावांत त्या हवेत मीठ असतं. डिचोली, सांगे, केपे बाजूला खाणींची आणि चिऱ्याच्या मातीची तांबडी धूळ असते. शिवाय विजेचं येणंजाणं सगळीकडेच. म्हणून कुठला भाग काय काम करतो हे समजून घेताना, तो इथल्या हवेत कशाने बिघडतो हेही त्याच वेळी समजून घ्यावं. एकाशिवाय दुसरं अर्धवट राहतं.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला "सीपीयू" म्हणायची पद्धत पडली आहे. तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, त्या डब्यातली काडेपेटीपेक्षाही लहान चौकोनी चकती. फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. दुकानात फोन करून "सीपीयू बिघडला" म्हटलं की समोरचा माणूस कशाचा अंदाज सांगतोय आणि आपण काय समजतोय, याचा काही मेळ राहत नाही. प्रोसेसर स्वतःहून जळणं ही खरं म्हणजे सगळ्यांत दुर्मीळ गोष्ट. त्याच्या आजूबाजूचे भाग त्याच्या कितीतरी आधी हार मानतात.

वीज आत येते तिथून

भिंतीतून येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करणारी एसी वीज. आतल्या भागांना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी डीसी. हे रूपांतर करणारा पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. त्यातून निघणाऱ्या वायरींचे रंग ठरलेले आहेत. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी शून्य. जांभळ्या वायरीत ५ व्होल्ट कायम असतात, संगणक बंद असला तरी, भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर. म्हणूनच "बंद आहे ना" म्हणून रॅम किंवा कार्ड उपसायला जाऊ नये. आधी प्लग काढायचा, मग पुढचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं. आत साठून राहिलेली वीज त्याने निघून जाते.

एसएमपीएस जिवंत आहे का हे घरी तपासता येतं. मदरबोर्डमधला २४ पिनांचा मोठा कनेक्टर काढा. इतर भागांना गेलेल्या वायरीही सोडवा. कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. तिची पिन आणि शेजारच्या काळ्या वायरीची पिन वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडा आणि मग मागचं बटण चालू करा. डब्यातला पंखा फिरायला हवा. मल्टीमीटर असेल तर मोजून बघा: १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ मध्ये, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये, ३.३ ची ३.१४ ते ३.४७ मध्ये असावी. नव्या डब्यांच्या सगळ्या वायरी काळ्याच येतात, तिथे अंदाजाने पेपरक्लिप खुपसू नका, मदरबोर्डच्या पुस्तिकेतली पिनांची आकृती समोर ठेवा. आणि एक ध्यानात असू द्या: रिकाम्या डब्यावर आकडे बरोबर आले म्हणजे डबा ठीक आहे असं नाही. भार पडल्यावर दमणारा एसएमपीएस या चाचणीत पास होतो आणि नंतर व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम सुरू झाला की संगणक अचानक रीस्टार्ट करतो.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडायचा नाही. त्यातल्या मुख्य कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ राहतात. बिघडला तर सरळ नवा घ्या. एटीएक्स हा साचा १९९५ सालापासून चालत आलेला आहे, त्यामुळे असेंबल केलेल्या यंत्रात बाजारातला साधा एटीएक्स एसएमपीएस सहसा चपखल बसतो. कंपनीच्या लहान किंवा आडव्या यंत्रांना मात्र वेगळा आकार आणि कधी कधी वेगळा कनेक्टर लागतो. घेताना मोठ्या अक्षरातल्या "४५० वॅट"वर न जाता लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. तिथे १८ असेल तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, एवढीच त्याची कामाची ताकद. वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारं) नसलेल्या घरगुती संगणकाला तेवढी पुरते. कार्ड लावायचं असेल तर नाही पुरत.

आता अर्थिंग, ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. जुन्या कौलारू घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे वायर असतेच असं नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावली आणि झिणझिण्या आल्या तर समजायचं, अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत विजेतला कचरा गाळणारे दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण चालू यंत्राला यूएसबी किंवा एचडीएमआय केबल लावताना हाच प्रवाह पोर्टमधून वाट काढतो. नुसती केबल लावताना पोर्ट गेले असतील तर संशय आधी इथे घ्यावा. अर्थिंगचा खड्डा असला तरी चिऱ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये ठणठणीत सुकते आणि खड्डा निकामी होतो. आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत राहायचं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असलं तर बरं.

यूपीएसवर, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ संगणक चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या डब्यावर, ६०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) लिहिलेलं असतं, तिथे खरे वॅट साधारण ३६० मिळतात. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॅट-अवर, म्हणजे १०० वॅटच्या संगणकाला पन्नास मिनिटं. तेवढी कधीच मिळत नाहीत. एवढ्या छोट्या बॅटरीतून इतक्या वेगाने वीज ओढली की ती पूर्ण क्षमता देत नाही, आणि यूपीएस स्वतःही थोडी खातो. नवी असताना पंधरा-वीस मिनिटं धरून चालावं. पाहिजे तरी कशाला जास्त? फाइल सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी पुष्कळ झाली. उन्हाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं, दोन-तीन वर्षांत ती बदलायची वेळ येते. दर दोन महिन्यांनी काम सेव्ह करून भिंतीवरचं बटण पाच मिनिटं बंद करून बघा. टिकली नाही तर खरी वीज जायच्या आधी ते कळलेलं बरं. यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका. कागदावर शाई भाजणारा त्याचा रोलर तापताना शेकडो वॅट ओढतो. चवथीत माटोळीच्या आणि मखराच्या रोषणाईची माळही त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर चढते, ती दुसरीकडे न्यावी.

गडगडाटाचा मोसम आपल्याकडे दोनदा येतो: पावसाच्या आधी मे महिन्यात, आणि पाऊस परतताना ऑक्टोबरात. तेव्हा फक्त बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून ठेवावा. आणि लॅनची वायरही. कितीतरी घरांत प्लग काढलेला असतो, पण राऊटरकडून येणारी निळी-पिवळी वायर तशीच राहते, आणि गल्लीत खांबाखांबांवरून आलेल्या तांब्याच्या केबलमधून झटका थेट लॅन पोर्टपर्यंत पोचतो. फायबरची तार स्वतः वीज वाहत नाही, पण फायबरच्या डब्याचा अडॅप्टर भिंतीतच असतो. तोही काढायचा.

मदरबोर्ड आणि त्यावरचा एक नाणं-सेल

मदरबोर्ड म्हणजे गावातले रस्ते. प्रोसेसर, रॅम, डिस्क, यूएसबी, सगळ्यांची ये-जा त्यावरून. त्याचं आणखी एक काम फारसं कुणी सांगत नाही: एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला चालणाऱ्या एक-सव्वा व्होल्टवर उतरवणं. प्रोसेसरच्या बाजूला चौकोनी ठोकळे आणि उभे दंडगोल दिसतात ते यासाठीच. दंडगोल म्हणजे कपॅसिटर. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं असेल, किंवा त्यावर तपकिरी चिकट डाग दिसला, तर तो गेलाय. आत द्रव असणाऱ्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दुप्पट होतं. कॅबिनेट भिंतीला चिकटवून कोंडलं तर नेमकं याच्या उलट होतं.

प्रोसेसरसाठी वीज वेगळ्या ४ किंवा ८ पिनांच्या कनेक्टरमधून येते, मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात. ती लावायची राहिली तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पुढे काही होत नाही. साफसफाईनंतर "आधी चालत होता, आता चालत नाही" झालं तर पहिली नजर तिथेच टाकावी.

आता तो सेल. मदरबोर्डवर नाण्यासारखी चकती दिसते, तिच्यावर सीआर२०३२ लिहिलेलं असतं. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम, आणि बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायोसच्या (संगणक सुरू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामच्या) सेटिंग्ज सांभाळणंही. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली गेला की बदलून टाकावा. आपल्याकडे लोक चवथीला गावच्या घरी जाताना किंवा मे महिन्याच्या सुट्टीत भिंतीवरचं बटण बंद करून जातात. एवढे दिवस सगळा भार सेलवर पडतो आणि जुना सेल तिथेच संपतो.

गंमत अशी की सेल संपल्याची लक्षणं सेलसारखी दिसतच नाहीत. परत आल्यावर संगणक सुरू होतो, पण बँकेची किंवा सरकारी वेबसाइट उघडत नाही, "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा येतो. लोक ब्रॉडबँडवाल्याला फोन करतात. कारण एवढंच असतं की घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलंय, आणि त्या तारखेला वेबसाइटचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी बघावी.

दुसरं लक्षण जास्त घाबरवणारं. बायोस मूळ पदावर आलं की जुन्या बोर्डांवर डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर जाते. मग विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो. इथे घाईने फॉरमॅट मारला की घरातले सगळे फोटो जातात, तेही विनाकारण. बायोसमध्ये जाऊन साटा मोड (हीच पद्धत ठरवणारी सेटिंग) पुन्हा होता तसा केला की विंडोज जसंच्या तसं उठतं. काही नव्या यंत्रांवर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती आधीच कागदावर उतरवून कपाटात ठेवलेली असावी. म्हणून सेल काढण्यापूर्वी बायोसच्या महत्त्वाच्या पानांचे मोबाइलवर फोटो घ्या.

सेल बदलणं सोपं आहे. प्लग काढा, सेलच्या कडेची पत्र्याची जीभ नखाने किंवा प्लास्टिकच्या काडीने बाजूला ढकला, सेल आपोआप वर उडी मारतो. नवा सेल लिहिलेली बाजू वर ठेवून बसवायचा. किनाऱ्याजवळच्या घरांत त्या खोबणीतल्या पत्र्यावर हिरवट पूड दिसते. ती तांब्यावर मिठाने चढलेली गंज आहे. नवा सेल बसवूनही घड्याळ मागे जात असेल तर दोष त्या पुडीचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कानकाडीने ती पुसून काढा.

रॅमचे दात

रॅम म्हणजे कामाचं टेबल. डिस्क म्हणजे कपाट. कपाटातून काढलेलं पुस्तक टेबलावर येतं, तिथे त्यावर काम होतं, आणि वीज गेली की टेबल कोरं. टेबल लहान पडलं की संगणक सारखा कपाटाकडे धावतो आणि सगळं रेंगाळतं. नुसतं ब्राउझर आणि ऑफिसचं काम असेल तरी आज ८ जीबी ही खालची पायरी. १६ असेल तर काही वर्षं बघायला नको.

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, पट्टीची मधली खाच मुद्दाम वेगळ्या ठिकाणी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, पट्टी चुकीची आहे किंवा उलटी धरली आहे. डेस्कटॉपला डीडीआर३ च्या २४० पिना, डीडीआर४ आणि ५ च्या २८८. चार खाचा असतील आणि पट्ट्या दोन, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या लावायच्या. शेजारी शेजारी लावल्या तरी यंत्र चालतं, पण दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी बोलायची सोय जाते, आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या यंत्रात तो फरक डोळ्यांना जाणवतो.

आता सुरुवातीची ती तक्रार. दातांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि त्यात सूक्ष्म छिद्रं असतात. दमट खारी हवा त्यातून खालच्या धातूपर्यंत पोचते आणि तिथला क्षार वर झिरपतो. पट्टी खाचेतल्या स्प्रिंगला टेकलेली असते, पण मधल्या थरामुळे वीज नीट जात नाही. संगणक सुरू होताना रॅम मोजायला जातो, तिथे काही सापडत नाही, म्हणून तो पडदाही लावत नाही. छोटा स्पीकर असेल तर ठरावीक बीप ऐकू येतात. नव्या बोर्डांवर कोपऱ्यात चार दिवे असतात, त्यातला डीरॅम लिहिलेला पेटून राहतो.

प्लग काढा, कॅबिनेट आडवं ठेवा, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. खाचेच्या टोकाची कुंडी बाहेर दाबली की पट्टी वर येते. ती कडेने धरायची, दातांना बोट लागता कामा नये. घामातही मीठच असतं. उजेडात तिरकी धरून बघा: स्वच्छ दात पिवळे चकचकीत दिसतात, खराब झालेल्यांवर मंद तपकिरी छटा किंवा पाण्याच्या डागासारखे ठिपके असतात. धागे न सुटणाऱ्या फडक्यावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि हिरव्या पट्टीकडून कडेकडे, एकाच दिशेने पुसा, दोन्ही बाजू. डाग हटला नाही तरच पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा. शाई खोडायचा खरखरीत रबर अजिबात नको, तो सोनंच खरवडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तेच दुखणं दुपटीने परत येतं. रबराचा चुरा झटकून पुन्हा अल्कोहोलाने पुसा, दोन मिनिटं सुकू द्या. खाचेत मऊ ब्रशने झाडा. पट्टी परत बसवताना दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या, कुंडी "टक्" आवाज करून आपोआप मिटायला हवी. एका बाजूचा टक् ऐकू आला नाही तर ती अर्धवट बसली आहे.

दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून सुरू करा. ती चालली नाही तर दुसरी, मग दुसरी खाच. अशाने दोष पट्टीचा की खाचेचा हे स्पष्ट होतं. डीडीआर५ असलेल्या यंत्रात पट्ट्या काढून लावल्यावर पहिल्यांदा पडदा यायला काही मिनिटंही लागू शकतात, यंत्र पट्ट्यांशी जुळवून घेत असतं. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका.

गंज सोडवायचं तेल फवारणं, रॉकेलने पुसणं, हे प्रकार टाळा. तेलाचा थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते.

प्रोसेसरला घाम फुटतो तेव्हा

प्रोसेसर आकडेमोड करतो आणि त्यातून उष्णता निघते. ती वाहून नेणारी साखळी अशी: प्रोसेसरचा पत्रा, थर्मल पेस्ट (मधली फट भरून उष्णता पुढे नेणारा लेप), ॲल्युमिनियमची पाती, पंखा. पाती आणि पंखा मिळून कूलर. यातली पेस्ट चार-पाच वर्षांत सुकून खडूसारखी होते, आणि पात्यांत तांबडी धूळ दमटपणामुळे चिखलासारखी थापली जाते. कोरडी धूळ फुंकरीने उडते, ही उडत नाही. ब्रश लागतो.

तापमान दाखवणारा एखादा मोफत प्रोग्राम टाकून बघा. काही न करता ३५ ते ५० अंश आणि पूर्ण भारावर ८०-८५ पर्यंत ठीक. खोलीच ३२-३३ अंशांवर असते, हे धरून चला. बरेचसे प्रोसेसर ९५ ते १०० च्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, म्हणून "व्हायरस आलाय, फार हळू चालतो" वाटणारा संगणक पुष्कळदा नुसता तापलेला असतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये भार १०० टक्के आणि वेग मूळ आकड्याच्या बराच खाली दिसला, तर तेच कारण.

पेस्ट बदलताना जुनी पूर्ण पुसा, मधोमध वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी नवी ठेवा आणि कूलर सरळ खाली दाबा. दाबानेच ती पसरते. जास्त लावली तर थर जाड होतो आणि पेस्ट बाहेर येऊन सॉकेटात, म्हणजे प्रोसेसरच्या खोबणीत, जाते. इंटेलच्या साध्या कूलरला चार खुंट्या असतात. समोरासमोरच्या, तिरक्या जोडीने दाबायच्या, आणि मग बोर्डाच्या मागून बघायचं की चारही पांढरे काटे आरपार आलेत. एक अर्धवट राहिला तर कूलर तिरका बसतो आणि संगणक दोन-तीन मिनिटांत बंद पडतो. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात आणि सुकलेल्या पेस्टने तो कूलरला चिकटून सॉकेटातून उपसला जातो, पिना वाकतात. त्यासाठी आधी दहा मिनिटं संगणक चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने तो मर्यादेपलीकडे फिरला तर बेअरिंग जातं. पंखा कुठल्या दिशेने हवा फेकतो ते ओळखायला: ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे दिसतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते. पुढचा पंखा आत, मागचा बाहेर.

डिस्क

हार्डडिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. साटा एसएसडीमध्ये (साटा केबलने जोडलेल्या, चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये) फिरणारं काही नाही, आणि ती सेकंदाला ५५० एमबीपर्यंत वाचते, हार्डडिस्क शंभर ते दोनशे. पण खरा फरक लहान लहान फाइली शोधण्यात आहे, तिथे हार्डडिस्कच्या सुईला दरवेळी जागा बदलावी लागते. दहा वर्षं जुन्या संगणकात फक्त २५० जीबीची एसएसडी टाकली तरी तो ओळखू येत नाही. नवीन यंत्र घेण्याआधी हा खर्च करून बघावा, असं माझं ठाम मत आहे.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये दिसते. तिथे "पेंडिंग सेक्टर" (डिस्कला नीट वाचता न आलेल्या जागा) शून्यावर नसेल तर आधी फोटो-कागदपत्रं दुसरीकडे उतरवा, बाकी सगळं नंतर. "सीआरसी एरर" (केबलवरून माहिती जाता-येताना झालेल्या चुका) वाढत असेल तर मात्र डिस्क बहुधा चांगली असते, केबल किंवा तिच्या टोकाची जोडणी खराब असते. केबल दोनतीनदा काढघाल करा, नाहीतर नवी लावा. तो आकडा पुन्हा खाली येत नाही, पुढे वाढतो का एवढंच बघायचं.

बोटीवर किंवा परदेशात नोकरीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. एसएसडी विजेच्या सूक्ष्म भारावर माहिती साठवते, आणि खूप वापरून झिजलेली डिस्क गरम बंद घरात वर्षभर विजेविना पडून राहिली तर तो भार ओसरू लागतो. मोलाच्या फोटोंची एक प्रत साध्या हार्डडिस्कवर करून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. उघड्या कॅबिनेटमध्ये त्या पुड्या टाकून उपयोग नाही, त्या चार दिवसांत भरून जातात.

ग्राफिक्सबद्दल थोडक्यात. वेगळं कार्ड लावलेलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे त्यात ग्राफिक्स नसतंच, तिथे कार्ड काढून तपासायला गेलात तर पडदा येणारच नाही.

पावसाळ्यात संगणक झाकून, बंद करून ठेवणं ही चांगल्या हेतूने केलेली चूक आहे. चालू यंत्र आतून कोमट राहतं आणि सुकं राहतं. बंद यंत्रावर ओल बसते, आणि मीठ असेल तर ते ती ओल धरून ठेवतं. वापर नसला तरी एक दिवसाआड तासभर चालू करावा. प्लास्टिकचं आवरण घालायचं असेल तर यंत्र पूर्ण निवल्यावर, आणि तेही फक्त उन्हाळ्यात धुळीसाठी. कॅबिनेट चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून चार बोटं वर हवं. समुद्राकडच्या खिडकीसमोर तर नकोच. मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या लावलेल्या आहेत का बघा. तिथून मुंग्या अंडी घेऊन आत शिरतात, आणि उबेला आलेली पाल एसएमपीएसच्या जाळीत अडकून शॉर्ट करते. एसीच्या खोलीतला लॅपटॉप दमट बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, आणला तर अर्धा तास बंदच राहू द्या, थंड पत्र्यावर दव धरतं ते आतही धरतं.

कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर तारखा: सेल कधी बदलला, पेस्ट कधी लावली, यूपीएसची बॅटरी कधी घेतली, रॅम कोणत्या खाचेत आहे. पेन्सिलीने लिहा, शाई दमटपणात पसरते.